बाद भोपळा

मेहजबीन रविवारी दुपारी आली
तेव्हा काखेत पोर घ्यावं तसा
तिच्या काखेत भोपळा होता.
"मामूंनी बाद केला," म्हणाली.
"देठापाशी तडा आहे, सतारीला चालत नाही."
आणि मागे तन्वीर, तिचा भाचा,
बाद न केलेला, पण तोंड तसंच.

मिरजेत आमच्या गल्लीला
असलं काहीतरी दारात येतंच.
कुणाकडे ताज्या बेदाण्यांची पिशवी,
कुणाकडे पेशंटचे नातेवाईक रात्रीपुरते,
आमच्याकडे भोपळा.

ठरलं, दिवा करायचा.
कसा, ते ठरलं नाही.
फरशीवर वर्तमानपत्र पसरलं,
गिरीशने तोंड कापून आत चमचा घातला,
वाळक्या बिया खडखडल्या,
पांढरी भुकटी उडाली आणि तो
सात वेळा शिंकला. मुग्धाने मोजल्या.

रूथ सिस्टर नाईट संपवून
फक्त झोपायला म्हणून आली होती आमच्याकडे.
उशीला डोकं टेकवता टेकवता बोलली,
"आधी खुणा करा, मग भोकं,"
आणि उठून बसली ती बसलीच.

तन्वीरला त्याच आठवड्यात
गणितात भोपळा मिळाला होता.
ह्या भोपळ्याकडे तो जरा लांबूनच बघत होता.
मुग्धाने पेन्सिल दिली : "एका ओळीत किती, हिशोब कर."
त्याने हिशोब केला नाही.
मासा काढला.
मग माशाला पाय काढले.
कुणी काही विचारलं नाही.

ड्रिल अण्णांचं, हाताने फिरवायचं.
मालगाडीचे गार्ड होते ते, एकतीस वर्षं.
गार्डाला ड्रिल कशाला लागतं
हे सासूबाईंनी कधी विचारलं नाही, मीही नाही.
भोक आरपार गेलं की अण्णा तोंडाने शिट्टी मारत
आणि म्हणत, "हिरवा!"
माशाच्या शेपटीपाशी जरा जास्तच हिरवा झाला,
तिथे दोन भोकांचं एक झालं.

मी आठवडाभर ऑपरेशन थिएटरात
दुसऱ्याच्या हातात कात्री देते.
मागायच्या आत द्यायची,
मोजून परत घ्यायची, एकही कमी भरता कामा नये.
इथे सँडपेपर हरवला, तो रूथ बसली होती त्याखाली निघाला,
ब्रश चहात बुडला,
बिस्कीट रंगात.
गिरीशने ते खाल्लंही असतं.

तडा तेवढा राहिला.
"डिंक लावू," गिरीश.
"पट्टी लावू," मुग्धा.
मी तांब्याची तार घेतली,
दोन्ही काठांना बारीक भोकं पाडून घेतली
आणि शिवायला बसले.
एक टाका, गाठ. दुसरा टाका, गाठ.
रूथने न सांगता कडा जुळवून धरल्या,
न सांगता तार कापली.
सहा टाके.
बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता,
आत कुणीच बोलत नव्हतं.

संध्याकाळी बल्ब सोडला आत.
मासा फ्रिजवर चालत गेला.
अण्णांचं चुकलेलं भोक
देवघराच्या वर, सगळ्यांत मोठं.
मेहजबीनने न विचारता ट्यूब बंद केली,
आणि आम्ही सगळे भिंतीवर
आपापली भोकं शोधत राहिलो,
"हे माझं," "नाही, ते माझं,"
चहा गार होईपर्यंत.

मामू तन्वीरला न्यायला आले.
दिव्याकडे बघितलंच नाही आधी,
सवयीने बोटाच्या पेराने टकटक केली,
कान लावला,
मग अंगठा टाक्यांवरून फिरवला, सावकाश,
वरून खाली.
"हे कुणी केलं?"
मी हात पुसत होते.
तन्वीर म्हणाला, "मासा माझा आहे."

सोमवारी सकाळी स्क्रब करताना
नखातून पांढरी भुकटी निघाली.
दोन मिनिटं जास्त घासले हात.
मग डॉक्टरांनी तळवा पुढे केला
आणि मी कात्री दिली.